द्रोणातला भोपळा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत विद्वान वक्त्यांनी इतिहास, संगीत, नाट्य असे भारदस्त विषय मांडले. आम्ही तात्यापाऱ्यातल्या चार घरच्या बायका. आम्ही मागून घेतलेला विषय एवढाच, की तांबड्या भोपळ्याचे बी घरातल्या टाकाऊ भांड्यांत कसे रुजवावे. एवढ्याशा गोष्टीसाठी आपला वेळ का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पत्र्याच्या एका डब्यात आहे, म्हणून तेथूनच आरंभ करतो.

छत्तीसगडीत ‘पारा’ म्हणजे आपली आळी. आमच्या लहानपणी तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरांना परसू होते, परसात विहीर होती, आणि पावसाळ्यात भोपळ्याचा वेल कौलांवर चढलेला असे. शेजारणी त्याला ‘मखना’ म्हणत. आमच्यातली वऱ्हाडाकडची माणसे ‘कोहळं’ म्हणत, तर पुण्याकडून आलेल्या सुना ‘लाल भोपळा’ म्हणत. वेल मात्र सर्वांच्या घरी एकाच वाणाचा, कारण बी एकाच घरचे होते. आळीतल्या थोरल्या काकूंच्या सासूबाईंनी ते नागपूरकडून पदरात बांधून आणले होते, असे काकू सांगत. फळ चपटे, खोल फाकांचे आणि आत गर्द केशरी. त्याच्या घारग्यांना गूळ बेताचाच लागे. दरवर्षी पहिल्या चांगल्या फळाच्या बिया धुऊन, सावलीत वाळवून, राखेत मिसळून काकू डब्यात ठेवीत आणि मागेल त्याला मूठभर देत.

काकू गेल्या. पुढे घर पाडून तेथे इमारत उभी राहिली. डबा आमच्यापैकी एकीच्या माळ्यावर पडून राहिला. चार वर्षांनी तो उघडला, तेव्हा कीड न लागलेल्या बिया निघाल्या अवघ्या चोवीस. ज्यांना ज्यांना काकूंनी बी दिले होते, त्या सर्वांकडे आम्ही चौकशी केली. कोणाकडेही ते उरले नव्हते. ‘काकूंकडे आहेच की’ या भरवशावर सारे निर्धास्त राहिले होते, आणि त्या साऱ्यांत आम्हीही होतो.

मग आम्हाला घाई झाली. जानेवारीचा महिना होता. बारा बिया एका नातलगांच्या बारीत थेट मातीत टोचल्या आणि प्रेमाने भरपूर पाणी घातले. तीन आठवडे गेले तरी काही वर येईना. उकरून पाहिले, तर हाती कुजकी टरफले आली. चूक सर्वस्वी आमची होती. भोपळ्याच्या बियांना रुजण्यासाठी मातीत २५ ते ३० अंश सेल्सिअस ऊब लागते. १५ अंशांच्या खाली त्या नुसत्या भिजून कुजतात. रायपुरातल्या जानेवारीच्या रात्री तपमान १३ अंशांच्या आसपास उतरते. त्यातून ती जमीन कन्हार, म्हणजे काळी, पाणी धरून ठेवणारी. बरे, ऊब येईपर्यंत थांबावे, तर वेल फुलावर येतो तो ऐन वैशाखाच्या तडाख्यात, आणि फार उष्म्यात त्याला नरफुलेच अधिक येतात. तेव्हा उन्हाळी वेलासाठी महिनाभर आधी घरातच रोपे करणे हा मार्ग उरतो. पावसाळी वेलालाही तो उपयोगी आहे, कारण आषाढातल्या झडीने आणि खारींच्या धाडीने बाहेर टोचलेले बी टिकत नाही.

उरलेल्या बारा बिया आम्ही मटकीला मोड आणतो त्या रीतीने हाताळल्या. रात्रभर कोमट पाण्यात भिजविल्या, ओलसर फडक्यात सैल बांधल्या आणि स्वयंपाकघरातल्या शेगडीशेजारच्या फळीवर, डब्यात ठेवल्या. फडके ओले हवे, निथळते नको. रोज उघडून वारा द्यावा. चौथ्या दिवसापर्यंत सात बियांच्या टोकांतून पांढरे मूळ डोकावले. पाच रुजल्या नाहीत.

आता भांड्यांविषयी. भोपळ्याचे मूळ नाजूक आणि मोठे मानी असते. त्याला हात लागलेला खपत नाही. म्हणून भांडे सुंदर आहे की नाही हे न पाहता, रोप त्यातून न दुखविता निघेल की नाही, हे पाहावे. आम्ही तीन बिया तेलाच्या लहान डब्यांत आणि चार पळसाच्या पानांच्या द्रोणांत लावल्या. पुढे डब्यांतली रोपे उपटून काढताना मुळे तुटली. दोन मेली, एक खुरटले. द्रोणांतली चारही जगली, कारण ती द्रोणांसकट जमिनीत गेली आणि पाने मातीतच कुजून मिसळली.

या अनुभवावरून काही गोष्टी सांगतो. द्रोण एकात एक दोन घालावेत. ते उथळ असतात, म्हणून दहाबारा दिवसांत रोप जमिनीत गेले पाहिजे. याहून सवड हवी असेल, तर जुने वर्तमानपत्र पेल्याभोवती तीनचार पदरी गुंडाळून, तळ दुमडून पुडा करावा. तोही मुळासकट पुरता येतो. दुधाच्या पिशवीला तळाशी चारपाच भोके पाडावीत आणि लावणीच्या वेळी ती कात्रीने उभी चिरावी. पत्र्याचाच डबा वापरायचा, तर त्याचा तळ आधी कापून टाकावा आणि डबा ताटलीत उभा करावा, म्हणजे मातीचा गड्डा अलगद खाली सरकतो. नारळाची करवंटी व चहाचे कुल्हड दिसायला गोजिरे, पण मूळ त्यांत अडकते.

माती, जुने शेणखत आणि वाळू समभाग घ्यावी. मोड आलेले बी बोटाच्या एका पेराइतके खोल, आडवे ठेवावे. अंकुर वर येताच भांडे खिडकीत उन्हाला आणावे. अंधारात राहिलेले रोप उंच, पिवळट आणि कमकुवत होते. कधी टरफल पानांवर टोपीसारखे अडकते. ते कोरडे ओढू नये, पाण्याचे बोट लावून सैल करावे. पहिले खरे पान फुटले, की रोप पाचसहा दिवस बाहेर सावलीत, मग कोवळ्या उन्हात ठेवून सवय लावावी आणि सायंकाळी लावावे. तीन आठवड्यांहून अधिक काळ त्याला घरात कोंडू नये.

ज्यांच्या लेकीसुना अमेरिकेत वा कॅनडात आहेत त्यांनी कळवावे, की तेथे शेवटचे हिम सरण्याच्या तीन आठवडे आधी हेच करावे. दुधाचे कागदी खोके तेथे घरोघरी असते, ते मधोमध कापले की काम झाले.

भोपळा तरी मूळचा कोठला? मेक्सिकोतील वाहाका प्रांताच्या एका गुहेत त्याच्या कुळातल्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या, लागवडीच्या बिया सापडल्या आहेत. आपल्याकडे तो आला तो युरोपीयांनी समुद्रवाटा शोधल्यानंतर. येथे येऊन तो घारग्यांचा झाला आणि मखनाही झाला. परंतु जो वाण कोणी पेरीत नाही, तो मरतो. बाजारातल्या संकरित फळाचे बी लावले, तर तेच फळ पुन्हा येईल असा भरवसा नसतो. याच रायपुरात १९७०च्या दशकात डॉ. आर. एच. रिछारिया यांनी छत्तीसगडातील भाताचे हजारो वाण जमविले. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. भाताला रिछारिया भेटले. काकूंच्या भोपळ्याला आपणच आहोत.

आमची चार रोपे चार ठिकाणच्या बारीत लागली. वाण शुद्ध राहावा म्हणून बियांसाठी राखलेल्या मादीफुलांची कळी आदल्या सायंकाळी दोऱ्याने बांधली आणि पहाटे त्याच वेलाच्या नरफुलाचा पराग हाताने लावून पुन्हा बांधली. जूनअखेर अकरा फळे उतरली. पहिले फळ कापले तेव्हा आत तोच केशरी रंग होता. काकूंची धाकटी सून फोड हातात घेऊन बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “यात गूळ बेताचाच घाला हं.”

सभागृहाच्या दाराशी टेबलावर चाळीस द्रोण मांडले आहेत. प्रत्येकात एकेक रोप आहे. ज्यांच्याकडे अंगण नाही त्यांनी ते खिडकीत आठवडाभर सांभाळावे आणि अंगण असलेल्या आप्तांना द्यावे. मूल्य काही नाही. अट एकच आहे. फळ आल्यावर दहा बिया वाळवून मंडळात आणून द्याव्यात आणि दहा शेजारच्या घरी. डबा आता एकाच माळ्यावर राहू नये, एवढीच आमची विनंती आहे.