अकरा महिन्यांचा करार

श्रोतेहो, उमरठपासून पोलादपूर-महाडपर्यंत कुठल्याही घरात विचारा. मुलगा मुंबईला, गावचं घर कुलूपबंद आणि साठवलेल्या पैशांतून महाडला एक खोली-किचन घेऊन ठेवलेलं. एमआयडीसीतला कामगार राहतो, भाडं येतं. चांगलं आहे. पण करार दाखवा म्हटलं की वहिनी कपाटातून नोटरीचा स्टँपपेपर काढतात. वर ठसक्यात सांगतात, “अकरा महिन्यांचाच आहे, नोंदवावा लागत नाही.”

लागतो, वहिनी! महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम ५५. मुदत अकरा महिन्यांची असो की एका महिन्याची, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. जबाबदारी घरमालकाची. चुकलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे वाद झाला, तर काय ठरलं होतं याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरतात. ते खोटं आहे हे सिद्ध करत तुम्ही फिरायचं.

आपण खाचराला बांध घालतो तो काय शेजाऱ्याशी वैर म्हणून? पाऊस पडायच्या आत हद्द ठरावी म्हणून. करार तसाच. नोटरी म्हणजे खुंट्या रोवून बांधलेली दोरी. पाणी दोरीला जुमानतं होय? आणि बांध घातला तरी खेकडे बिळं पाडतातच. डिपॉझिट किती ते लिहिलं, परत कधी ते नाही, हे एक बीळ. लाइटबिल कोणी भरायचं, हे दुसरं. मुदत संपली आणि नवा करारच केला नाही, तर बांध फुटलाच म्हणा.

खर्च? भाडं ५००० आणि डिपॉझिट २०,००० असेल तर अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क साधारण दीड-दोनशे रुपये, वर नोंदणी फी. एवढ्यासाठी टाळता? आणि लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे अशा वापर-परवाना कराराची, मुदत संपूनही माणूस हलत नसेल, तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. रागाच्या भरात त्याचं पाणी-वीज मात्र तोडू नका, दादा. तो गुन्हा तुमच्यावर येतो.

पुन्हा सांगतो, नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

हे झालं घर भाड्याने देण्याचं. आता तेच घर विकत घेताना काय पाहायचं. महाडला तळमजला स्वस्त मिळतोय? जुलै २०२१ च्या पुरात पाणी भिंतीवर कुठवर चढलं होतं, ते शेजाऱ्याला विचारा, विकणाऱ्याला नको. इमारतीचे कागदही बघा. ऑगस्ट २०२० मध्ये महाडचीच तारिक गार्डन इमारत कोसळली, तेव्हा... पण तो विषय मोठा आहे, आणि वेळ संपली म्हणून इथे मला हात दाखवतायत. जाता जाता एवढंच, ज्यांचा भाडेकरार या महिन्यात संपतोय, त्यांनी नव्यासाठी भाडेकरूचं आणि आपलं आधार आजच काढून ठेवा.