दाराखालून आलेला कागद
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी, गेट, पार्किंग यांवर पुष्कळ बोललो, भांडलोही. आज मला पत्रांविषयी बोलायचं आहे.

आमचे हे गेले, त्यानंतरची गोष्ट. मुलं पंधरा दिवस राहून कामावर परत गेली. सकाळच्या लोकलने अर्धी बिल्डिंग मुंबईकडे जाते, दुपारी जिन्यात चिटपाखरू नसतं. मी दार उघडणंच सोडलं. बेल वाजली तरी गप्प बसून राहायची. एके दिवशी दाराखालून वहीचा कागद आत आला. खालच्या वहिनींचा. ‘काय बोलावं सुचत नाही म्हणून लिहिते. चार वाजता चहा आणते. दार उघडावंसं वाटलं नाही तर थर्मास बाहेर ठेवून जाईन.’ तीन दिवस मी नुसता थर्मास आत घेतला. चौथ्या दिवशी दार उघडलं.

आता माझी चूक सांगते. माझी थोरली बहीण, अक्का, गावी एकटी असते. दर रविवारी फोन करायचे. ती ‘हो हो, बरी आहे’ म्हणायची, मी निश्चिंत. प्रत्यक्ष गेले तेव्हा कळलं, तिला कित्येक महिने फोनवर काहीच ऐकू येत नव्हतं! माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलंही तिला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून मी ठळक अक्षरात पत्र लिहिते. तिचं उत्तर आलं : ‘आंब्याला मोहोर आलाय. तू कधी येतेस?’ वर्षभराच्या फोनमध्ये हे ती बोलली नव्हती.

जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहायचे, माणसांत फारसे मिसळायचे नाहीत. पण पत्रांतून ते मोकळे होत. सुनीताबाई देशपांड्यांनी त्यांना लिहिलेली पत्रं ‘प्रिय जी. ए.’ या पुस्तकात आहेत. जरूर वाचा. आपल्याला तेवढं सुंदर लिहायची गरज नाही. दोन ओळी पुरतात.

फक्त उपदेश नको. ‘सावरा आता’, ‘देवाची इच्छा’ असलं तर नकोच. आपल्याकडे काय चाललंय ते लिहा, उल्हासला पाणी किती आलंय, कुणाच्या बाळाला दात आला. शेवटी एक सोपा प्रश्न विचारा, म्हणजे उत्तर द्यावंसं वाटतं. गावी पाठवताना आत आपला पत्ता घातलेलं, 410201 पिन लिहिलेलं पोस्टकार्ड ठेवा. ही पिनकोडची पद्धत आपल्याच श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखली, 1972 साली. पोस्टकार्ड 50 पैशांना मिळतं. सबब सांगायला जागा नाही.

कमिटीला विनंती, ऑफिसात पोस्टकार्डांचा एक गठ्ठा ठेवावा. मुलांनी सुट्टीत आजी-आजोबांना लिहावं. आणि आपल्याच बिल्डिंगमध्ये एखादं दार बरेच दिवस बंद दिसलं, तर तिकिटाचीही गरज नाही. कागद दाराखालून सरकवा.

उत्तर लगेच येणार नाही. माझंही चौथ्या दिवशी आलं होतं.