गणिताचा कोणता पेपर अवघड?



बारावी शास्त्र शाखेच्या मुलांशी व पालकांशी बोलताना एक प्रश्न हमखास निघतो : सीईटीचे गणित सोपे, जेईईचे अवघड, मग जेईईचा फॉर्म भरावाच कशाला? घरातून पहिल्यांदाच कोणी इंजिनिअरिंगला जाणार असेल, तर हा प्रश्न फीपुरता राहत नाही. नागपूरच्या व्हीएनआयटीत बी.टेक.चा प्रवेश जेईई मेनवर होतो आणि तेथील निम्म्या जागा महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी असतात. फॉर्मच भरला नाही, तर ते दार आपणच लावून घेतले असे होते. म्हणून या पेपरांची तुलना आपण ऐकीव गोष्टींवर न करता आकड्यांवर करू.

प्रथम वेळ पाहू. 2025 साली एमएचटी-सीईटीत गणिताचे 50 प्रश्न आणि 90 मिनिटे होती. म्हणजे एका प्रश्नाला 108 सेकंद. जेईई मेनमध्ये तीन विषयांचे 75 प्रश्न 3 तासांत. सरासरी 144 सेकंद. जेईई अॅडव्हान्स्डच्या प्रत्येक पेपरात 48 प्रश्न, वेळ 3 तास. सरासरी पावणेचार मिनिटे. म्हणजे जी परीक्षा सोपी म्हणतात, तिच्यातच वेळ सर्वांत कमी! तेथे सूत्र आठवत बसलात की प्रश्न हातचा गेला.

दुसरी गोष्ट दंडाची. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. मेनमध्ये बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात, चुकीला 1 कापला जातो. एखादा पर्याय नक्की चूक आहे हे कळले, तर उरलेल्या तिनांतून निवडणे सरासरीने फायद्याचेच ठरते. मात्र उत्तर आकड्यात लिहायचे असेल, तेथे अंदाज चालत नाही. 2025 साली त्या प्रश्नांनाही दंड होता. अॅडव्हान्स्डमध्ये काही प्रश्नांचे एकाहून अधिक पर्याय बरोबर असतात. तेथे सूचना आधी वाचाव्यात.

आता खरी अवघड बाब. 2014 च्या अॅडव्हान्स्डमध्ये एक वर्तुळ आणि एक पॅराबोला दिला होता. दोघांच्या सामाईक स्पर्शिका जेथे टेकतात, त्या चार बिंदूंच्या चौकोनाचे क्षेत्रफळ विचारले होते. यात काय लागते? पॅराबोलाच्या स्पर्शिकेचे सूत्र, बिंदूचे रेषेपासूनचे अंतर आणि शेवटी समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ, जे आपण शाळेतच शिकतो. समांतर बाजू 8 आणि 2, उंची 3, उत्तर 15. पुस्तकाबाहेरचे यात काही नाही. सीईटीत बहुधा यातील एकच पायरी विचारतात. येथे तिन्ही पायऱ्या आपल्या आपण जोडाव्या लागतात. ही जोडणी सरावाने येते. ती कोणाची जन्मजात मक्तेदारी नाही.

भाषेचेही सांगितले पाहिजे. जेईई मेनचा पेपर 2021 पासून मराठीतही मिळतो. आपल्या राज्याच्या सीईटीत मात्र गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी गणितातील इंग्रजी संज्ञा अकरावीपासूनच पाठ कराव्यात.

आणखी एक सावधगिरी. सीईटीचे 90 पर्सेंटाइल आणि मेनचे 90 पर्सेंटाइल सारखे नव्हेत. पर्सेंटाइल म्हणजे त्या परीक्षेला बसलेल्यांत आपण कितव्या पायरीवर आहोत ते. बसणारे बदलले की पायरीचा अर्थ बदलतो. तेव्हा शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून खचू नका.

विद्यार्थी मित्रहो, "कोणता पेपर अवघड" यापेक्षा "मला कोठे अडते" हे विचारा. वेळेत अडते, की चुका होतात, की जोडणी जमत नाही? मागील वर्षांचा एक पेपर घड्याळ लावून सोडवा. उत्तर तुमच्या वहीतच सापडेल. आणि संस्थेच्या सभासदांना आमची विनंती आहे की, जुन्या पेपरांचे संच वाचनालयात ठेवावेत आणि आठवड्यातून एक संध्याकाळ हॉल मुलांना द्यावा. महागडा क्लास सर्वांना परवडत नाही. घड्याळ, वही आणि चुका समजावून सांगणारा एक मोठा भाऊ किंवा ताई, एवढे आपण नक्कीच देऊ शकतो.