सुटी कुणाची?



आम्ही सांगलीकर, महाबळेश्वरी सासऱ्यांनी घेतलेले लहानसे घर आहे. “मजा आहे बाई तुमची!” असे पुष्कळजणी म्हणतात. पण पावसाळ्याआधी भिंतींना गवताच्या झडी बांधायच्या. मे महिन्यात साताऱ्यावरून, पसरणीचा घाट चढून जायचे, ते आधी बुरशी पुसायला, मग पंधरा माणसांचे रांधायला! सुटी सर्वांना, शेगडीला नाही.

२००१ साली तो डोंगर संवेदनशील क्षेत्र ठरला. नव्या बांधकामावर निर्बंध आले, म्हणून जुन्या घरांना गिऱ्हाईक फार. यजमान म्हणाले, “विकून टाकू.” मी म्हटले, “घर राहू द्या, रीत बदला.”

आता तेथे पुरुषांचीही स्वयंपाकाची पाळी असते. बाँबे पॉइंटचा सूर्यास्त मी एकवीस वर्षांनी प्रथम पाहिला. त्या रात्रीची खिचडी करपली होती. पण भगिनींनो, ती मला आयती मिळाली!