काचेच्या टाकीतील मोठे मासे



मत्स्यपालनाचा छंद जडला की बाजारातून बोटाएवढा ऑस्कर मासा हौसेने घरी येतो. पाहता पाहता तो वीतभर होतो आणि पुढे 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. कोई मासा तर 60 सेंटिमीटरही गाठतो. लहान टाकीत मासा लहानच राहतो, हा समज घातक आहे. अशा टाकीत त्याची वाढ खुंटते ती बहुधा दूषित पाण्यामुळे, आणि ते दुखण्याचेच लक्षण होय.

माशाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया हे विषारी द्रव्य पाण्यात येते. वाहत्या नदीत ते विरून जाते, टाकीत साठते. फिल्टरमधील स्पंजावर वाढणारे सूक्ष्म जंतू अमोनियाचे प्रथम नायट्राइट व मग सौम्य नायट्रेट करतात. हे जंतू वसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नव्या टाकीत मोठा मासा एकदम सोडू नये. स्पंज धुवावा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे, म्हणजे नायट्रेटही साठत नाही.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत जेमतेम 56 लिटर पाणी मावते. एका ऑस्करसाठीही चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच, म्हणजे सुमारे 255 लिटरांची टाकी हवी. त्या पाण्याचेच वजन पाव टन भरते. तेव्हा खालचे टेबल भक्कम असावे. फिल्टर असा असावा की तासाभरात टाकीतील सारे पाणी त्यातून चार-पाच वेळा फिरेल.

बेळगावास राकसकोपचे पाणी येवो वा हिडकलचे, नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते जंतूंस मारते व माशाचे कल्ले पोळते. असे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात दिवसभर उघडे ठेवूनच टाकीत घालावे. वीज गेली की पंप थांबतो व प्राणवायू घटतो. अशा वेळी माशांस खाद्य देऊ नये. तांब्याने टाकीतलेच पाणी घेऊन उंचावरून हळूहळू परत ओतीत राहावे. वीज बराच वेळ गेली असेल, तर कोंडलेल्या फिल्टरातील कुजके पाणी काढून टाकल्यावरच पंप सुरू करावा.

मासा डोईजड झाला म्हणून तो नदीत सोडणे, हा मात्र मोठा अपराध होय. टाकीची काच चाटणारा परदेशी सकर मासा भीमेवरील उजनी जलाशयात पसरला असून तेथील मच्छीमारांची जाळी तो फाडतो. निपाणीजवळची वेदगंगा दूधगंगेतून कृष्णेस मिळते, आणि भीमाही कृष्णेसच. एका घरातून सोडलेला मासा किती दूर जाईल, याचा नेम नाही. सांभाळणे न झाल्यास मासा विक्रेत्यास अथवा मोठी टाकी असलेल्या छंदिष्टास द्यावा. आणि खरेदीपूर्वीच विक्रेत्यास एक प्रश्न विचारावा : हा मासा पुरता वाढल्यावर केवढा होतो?