नदी दिसते तशी काढा

(शालेय चित्र कार्यशाळेनंतर तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



भिंतीवरची चित्रं तुम्ही पाहिलीत. साकीनाका-कुर्ला पट्ट्यातल्या सातवीच्या मुलांनी दोन दिवसांच्या कार्यशाळेत ती काढली. विषय एकच, आपली नदी. पहिल्या दिवशी बहुतेकांनी दोन डोंगर, मधे सूर्य, निळं पाणी आणि एक झोपडी काढली. यांच्या घरामागून मिठी वाहते, पण ती कुठल्याच कागदावर नव्हती. त्यांच्या लेखी तो नाला.

मिठी नदीच आहे. विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून ती निघते आणि साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल असं सुमारे 18 किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. शिवाय ती राबणारी नदी आहे. भंगाराची गोदामं, तेलाचे ड्रम धुणारे, कपडा रंगवणारे, गॅरेजवाले, तबेले, कितीतरी घरांची चूल तिच्या काठावर पेटते.

दुसऱ्या दिवशी मुलांना पुलावर नेलं. एवढंच सांगितलं, दिसतं तेच काढा. निळा खडू कुणाला लागला नाही. कोळसा, पुठ्ठा, शिलाईच्या दुकानातल्या चिंध्या वापरून चित्रं झाली. एका मुलाने ड्रम धुणारा माणूस काढला आणि ड्रमपासून नदीपर्यंत एक काळी रेघ. मग हळूच म्हणाला, "सर, हे अब्बा आहेत. लावू नका ना." ते चित्र भिंतीवर नाही.

आज मला या भीतीबद्दल बोलायचंय. "मिठी तुमच्याच लोकांनी घाण केली" हे ऐकत ही मुलं वाढतात. काळी रेघ खरी आहे, ती आपण झाकायची नाही. त्या पाण्याचा पहिला त्रास आपल्याच घरांना होतो. पण चित्र तेवढंच नाही. विमानतळासाठी याच नदीला काटकोनात वळवलं गेलं. खाजणात भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याला जायला जागा उरली नव्हती. त्याच वर्षी मिठीसाठी सरकारी प्राधिकरण नेमलं गेलं. आणि 2025 मध्ये, गाळ काढण्याच्या कामात 65 कोटींचा घोटाळा झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला. आजही पाणी चढलं की क्रांतीनगरच्या कुटुंबांना पालिकेच्या शाळेत हलवावं लागतं. मग मान खाली एकट्या ड्रमवाल्यानेच का घालायची?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे "चालत नाही" एवढ्या तक्रारीला किंमत नसते. कुठे, केव्हा, काय केल्यावर बिघडलं, ते लिहावं लागतं. या चित्रांत ते आहे. एका मुलीने दादीला विचारून 2005 च्या पाण्याची रेघ घराच्या भिंतीवर दाखवलीय, विजेच्या मीटरच्याही वर. दुसऱ्या एकीने कुठला पाइप कुठे उघडतो ते काढलंय. हा पुरावा आहे.

माहितीचा अधिकारही आपल्याला 2005 मध्येच मिळाला. आपल्या पट्ट्यात किती गाळ काढला, तो कुठे टाकला, कंत्राट कुणाला, हे विचारूया. सोबत हेही मागूया, की छोट्या कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्र उभारा. रोजगार टिकला पाहिजे आणि काळी रेघ थांबली पाहिजे. अब्बांना चोर ठरवून दोन्ही होणार नाही.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. जिच्या काठी वुजूला बसता येईल अशी नदी मागणं, हे त्याच शिकवणीला धरून आहे.

पावसाळ्याआधी एल विभाग कार्यालयात अर्ज द्यायचे आहेत. लिहायला बसणाऱ्यांनी जाताना नावं द्या. मराठी चांगलं असणाऱ्यांची जास्त गरज आहे.