गोष्ट आधी पेरावी लागते
(पुण्याच्या मुक्कामी, दिवेघाटाच्या आदल्या रात्री दिंडीत केलेले बोलणे)



आमचं शिक्षण चौथी. पोथी वाचायला तेवढं पुरलं. ताहराबादच्या महिपतीबुवांनी संतांची चरित्रं ओवीत लिहिली; पण आमच्या घरात ती पोथीतून कमी आणि तोंडातोंडी जास्त आली.

आजी पहाटे जात्यावर बसायची. तिच्या मांडीवर डोकं ठेवून आम्ही जनाबाईची गोष्ट ऐकली. जनी दळून दमली, पांडुरंग आला, त्यानं खुंट्याला हात लावला. एवढीच गोष्ट. पण आमचे वडील आईबरोबर दळायला बसायचे, चुलीला जाळ घालायचे. भावकी हसायची. वडील म्हणायचे, "देव दळू लागला, मग मला काय धाड भरली?"

दुसरी गोष्ट नाथांची. काशीची कावड रामेश्वराला चाललेली, वाटेत तापल्या वाळूत गाढव तहानेनं तडफडतंय. नाथांनी ते पाणी गाढवाच्या तोंडात ओतलं. १९७२ च्या दुष्काळात आमच्या विहिरीत हातभर पाणी राहिलेलं. वरल्या वस्तीच्या बाया घागरी घेऊन आल्या, तर थोरले चुलते आडवे झाले, "आपल्याच बैलांना पुरंना." वडील भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "दादा, नाथांची कावड कुठं चालली होती?" चुलते बराच वेळ गप्प. मग त्यांनीच पोहरा सोडला. पाऊस पडेपर्यंत घरटी दोन घागरी ठरल्या.

वडील तिथं अख्खी कथा सांगत बसले नाहीत. दोघं भाऊ एकाच आईच्या मांडीवर ती ऐकून वाढलेले. पेरणी आधीच झालेली होती.

म्हणून लेकरं लहान आहेत तोवर सांगा. जातं गेलं, गिरणी आली, आजीची पहाटही गेली. रात्री जेवणं झाल्यावर सांगा, नाहीतर इथं वाटेवर. गोष्ट लागली की पोरं घाट कुरकुर न करता चढतात, हे आम्ही पाहिलंय. मोबाईलवर संतांच्या कथा आहेत, चांगल्याही आहेत. पण त्याला मधेच विचारता येत नाही. आमच्या नातीनं विचारलं, "आजोबा, ते गाढव मग नाथांच्या मागं गेलं का?" आम्ही म्हणालो, "तुला काय वाटतं?" म्हणाली, "गेलंच असणार."

आणि घरात गोष्ट झाली की तात्पर्य सांगू नका. कीर्तनात आम्ही तासभर फोड करतो, ते बुवांचं काम. लेकराला तसंच झोपू द्यावं.

उद्या नात आमच्याबरोबर घाट चढणार आहे. दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची कोठारं उघडली, ती गोष्ट तिला सांगायची ठरली आहे.